माझ्याकडे नीट दिसतं, क्लायंटकडे मोडतं: एक्स्टेंशनमुळे बिघडणारी पानं आणि त्यांचं निदान

साइट लाइव्ह झाली की तासाभरात व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट येतोच. वरचा पट्टा गायब, नाहीतर बटणाचा रंग भलताच, नाहीतर फॉर्मच्या चौकटीत कुठलंसं चिन्ह येऊन बसलेलं. आपल्याकडे बघावं तर सगळं ठणठणीत. मग कॅशे साफ करा, सीएसएस फाइलला नवा आवृत्ती क्रमांक लावा, होस्टिंगवाल्याला फोन करा, असा फेरा सुरू होतो. कधीकधी उलटंही होतं: सगळ्यांकडे नीट आणि नेमकं आपल्याच मशिनवर मोडलेलं.

कोड वरपासून खालपर्यंत वाचून दमल्यावर या भानगडीच्या मुळाशी बऱ्याचदा एखादं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेलं छोटं हत्यार, निघतं. आणि त्रास सगळ्यात जास्त आपल्याच, म्हणजे साइट बनवणाऱ्यांच्या, जमातीला, कारण डझनावारी एक्स्टेंशनं भरून ठेवायची हौसही आपल्यालाच. रंग टिपणारं कलरझिला, फॉन्ट ओळखणारं व्हॉटफॉन्ट, साइट कशावर बांधली आहे ते सांगणारं वापॅलायझर, डिझाइनचं चित्र पानावर ठेवून पिक्सेल जुळवणारं परफेक्टपिक्सेल, जेसन नीट मांडून दाखवणारं आणखी एक. सगळी कामाची आहेत, वाद नाही. पण यातली बरीचशी पान नुसतं बघत नाहीत, पानात स्वतःचं काहीतरी घालतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या ब्राउझरमध्ये ही हत्यारं भरली आहेत, त्याच ब्राउझरमध्ये पानाचा निकाल लावू नका.

थोडं आतलं सांगतो, कारण पुढचं निदान त्यावरच उभं आहे. एक्स्टेंशनची जी स्क्रिप्ट पानात चालते, तिचे व्हेरिएबल वेगळ्या कप्प्यात असतात. तुमच्या जावास्क्रिप्टला ते दिसत नाहीत आणि तिला तुमचे दिसत नाहीत. पण डॉम, म्हणजे ब्राउझरने उभा केलेला पानाचा सांगाडा, मात्र दोघांचा एकच. तिने बॉडी टॅगला एखादं ॲट्रिब्यूट चिकटवलं, इनपुटच्या शेजारी एक डिव्ह घातला किंवा एखाद्या क्लासला 'डिस्प्ले नन' लावलं, की ते तुमच्याच पानाचं होऊन जातं. वर ते तुमच्या गिटमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यात, शोधून सापडणार नाही.

आधी एका मिनिटाची चाचणी

सगळ्यात आधी कंट्रोल आणि शून्य दाबा. हसू नका. क्रोम प्रत्येक साइटचा झूम लक्षात ठेवतो, आणि नव्वद टक्क्यांवर राहिलेल्या झूममुळे 'लेआउट फाटलाय' म्हणून आलेल्या तक्रारी कमी नाहीत.

मग क्रोममध्ये उजवीकडच्या प्रोफाइलच्या चित्रावर क्लिक करून गेस्ट विंडो उघडा. तिच्यात एकही एक्स्टेंशन नसतं. लोक सवयीने इनकॉग्निटो उघडतात, पण 'इनकॉग्निटोमध्ये परवानगी द्या' हा खटका ज्या एक्स्टेंशनसाठी तुम्ही कधीतरी चालू केला असेल, ते तिथेही हजर असतं. ॲडब्लॉकरसाठी तर तो बहुतेकांनी चालू केलेलाच असतो. म्हणून गेस्टच. क्लायंटलाही हेच सांगता येतं, आणि फोनवर 'डेव्हटूल्स (ब्राउझरमधली तपासणीची हत्यारं) उघडा' म्हणण्यापेक्षा ते कितीतरी सोपं पडतं.

गेस्टमध्ये पान नीट दिसलं, तर लगेच एक्स्टेंशनच्या नावाने खडे फोडू नका. तिथे कुकी, लोकल स्टोरेज, जुना सर्व्हिस वर्कर (साइटची पडद्यामागे चालणारी स्क्रिप्ट), कॅशे यातलंही काही नसतं. खात्री करायची तर नेहमीच्या प्रोफाइलमध्येच सगळी एक्स्टेंशनं बंद करून पान पुन्हा लोड करा. आता नीट झालं तर चोर एक्स्टेंशन. तरीही मोडलेलंच असेल तर सर्व्हिस वर्कर आणि कॅशेकडे वळा, हा लेख तुमच्या कामाचा नाही.

फायरफॉक्समध्ये मदत मेनूत ट्रबलशूट मोड आहे. सोयीचा आहे, पण तो एक्स्टेंशनांबरोबर थीम आणि हार्डवेअर ॲक्सलरेशनही बंद करतो. ॲनिमेशन अडखळणं किंवा कॅनव्हास काळा पडणं असल्या तक्रारी त्या मोडमध्ये गेल्या, तर दोष ग्राफिक्सकडेही असू शकतो.

नेमकं कोणतं?

एकेक बंद करत बसू नका. निम्मी बंद करा, पान लोड करा. त्रास गेला तर चोर बंद केलेल्यांत आहे, राहिला तर चालू असलेल्यांत. मग त्या निम्म्यांचे पुन्हा निम्मे. सोळा एक्स्टेंशनं असली तरी चार फेऱ्यांत एकावर येता. दर वेळी पान पुन्हा लोड करायला मात्र विसरू नका, कारण पानात आधीच घुसलेली स्क्रिप्ट एक्स्टेंशन बंद केल्यावर आपोआप निघून जात नाही.

डेव्हटूल्सच्या कन्सोलमध्ये लाल ओळ दिसत असेल तर याहून सोपा रस्ता आहे. त्या ओळीच्या उजवीकडच्या फाइलच्या दुव्यावर माउस न्या. पत्त्याची सुरुवात तुमच्या डोमेनऐवजी 'क्रोम-एक्स्टेंशन'ने झाली आणि पुढे बत्तीस अक्षरांची निरर्थक माळ असली, तर ती त्या एक्स्टेंशनची ओळख. एक्स्टेंशनांच्या पानावर डेव्हलपर मोड चालू केला की प्रत्येक कार्डावर अशीच माळ दिसते, जुळवून बघा. फायरफॉक्समध्ये ही ओळख प्रत्येक मशिनवर वेगळी असते, त्यामुळे मित्राकडची माळ आपल्याकडे शोधून उपयोग नाही. तिथे 'अबाउट डीबगिंग'च्या पानावर बघावी लागते.

पट्टा, चित्र, आयकॉन गायब

दहातल्या आठ वेळा ॲडब्लॉकर, हा माझा अंदाज; पण पैज लावायची वेळ आली तर मी त्याच्यावरच लावीन.

एका पतसंस्थेच्या साइटचं उदाहरण घ्या. मुखपृष्ठावर ठेवींच्या नव्या व्याजदरांचा पट्टा. ऑफिसातल्या सगळ्या मशिनवर दिसतो, चेअरमनसाहेबांच्या घरच्या लॅपटॉपवर नाही. एलिमेंट्स टॅबमध्ये तो डिव्ह आहे, आतला मजकूर आहे, पण स्टाइल्सच्या रकान्यात वरच 'डिस्प्ले नन, इम्पॉर्टंट' आणि शेजारी तुमच्या सीएसएस फाइलचं नाव नाही, 'इंजेक्टेड स्टाइलशीट' लिहिलेलं. क्लासचं नाव काय? 'ॲड-बॅनर'. ठेवीची जाहिरात म्हणून कुणीतरी सरळ मनाने दिलेलं. ईझीलिस्ट नावाची जी यादी बहुतेक ॲडब्लॉकर वापरतात, तिच्यात असली ढोबळ नावं लपवण्याचे हजारो नियम आहेत. नाव बदलून 'दर-पट्टा' केलं की प्रश्न मिटला.

लपवणं वेगळं आणि अडवणं वेगळं. फाइलच येऊ दिली नाही, तर नेटवर्क टॅबमध्ये ती लाल दिसते आणि कन्सोलमध्ये कारण लिहिलेलं असतं 'ब्लॉक्ड बाय क्लायंट'. इथला क्लायंट म्हणजे ब्राउझर. सर्व्हरपर्यंत विनंती गेलेलीच नसते, त्यामुळे सर्व्हरचे लॉग चाळण्यात वेळ घालवू नका.

यातला सगळ्यात छळवादी प्रकार लोकलहोस्टवर, म्हणजे आपल्याच मशिनवर साइट चालवताना, घडतो. व्हीटसारखा डेव्ह सर्व्हर प्रत्येक मॉड्यूल वेगळी फाइल म्हणून पाठवतो. तुमच्या कंपोनंटचं नाव 'ॲडबॅनर' असेल तर त्या नावाची फाइल ॲडब्लॉकर अडवतो, इम्पोर्ट फसतो आणि अख्खं पान पांढरं. बिल्ड केल्यावर सगळं एकाच गाठोड्यात जातं, फाइलचं नाव उरत नाही, आणि लाइव्हवर सगळं चालतं. मग टीममधला एक जण म्हणतो 'माझ्याकडे चालतंय' आणि दुसरा नोड मॉड्यूल्स पुसून पुन्हा इन्स्टॉल करत बसतो. 'ॲनालिटिक्स', 'ट्रॅकिंग', 'स्पॉन्सर' ही नावंही याच पंगतीतली. शेअर करायची बटणं आणि कुकीची सूचना लपवणाऱ्या वेगळ्या याद्या असतात, त्या ज्यांनी चालू केल्या त्यांच्याकडे तेही गायब.

ब्रेव्ह ब्राउझर वापरणाऱ्यांनी 'आमच्याकडे एकही एक्स्टेंशन नाही' म्हणून हात झटकू नयेत. त्याची ढाल ब्राउझरमध्येच आहे आणि आधीपासून चालू असते.

कन्सोल लाल, पण पान चालू

'अनचेक्ड रनटाइम लास्ट-एरर' ने सुरू होणाऱ्या ओळी नवख्यांना फार घाबरवतात. पुढे कधी 'रिसीव्हिंग एंड अस्तित्वात नाही' अशा अर्थाचं असतं, कधी 'उत्तर येण्याआधीच मेसेज पोर्ट बंद झाला' अशा अर्थाचं. एक्स्टेंशनचे दोन भाग आपसात निरोप पाठवत असतात. एकाने हाक मारली आणि दुसरा जागेवर नव्हता, एवढाच त्याचा मतलब. तुमच्या कोडचा संबंध नाही. 'एक्स्टेंशन कॉन्टेक्स्ट इनव्हॅलिडेटेड' दिसलं तर एक्स्टेंशन मधल्या मध्ये अपडेट झालंय आणि टॅबमध्ये त्याची जुनी स्क्रिप्ट लोंबकळतेय. पान पुन्हा लोड करा, संपलं.

या ओळी दिसूच नयेत असं वाटत असेल तर कन्सोलच्या फिल्टरच्या चौकटीत उण्याचं चिन्ह, त्याला चिकटून 'यूआरएल', कोलन आणि 'क्रोम-एक्स्टेंशन' असं टाइप करा, अर्थात रोमन अक्षरांत. डीबगर पायरी पायरीने चालवताना एक्स्टेंशनच्या कोडमध्ये शिरू नये म्हणून डेव्हटूल्सच्या सेटिंग्जमध्ये इग्नोर लिस्ट आहे.

रिॲक्टचा हायड्रेशनचा इशारा

रिॲक्ट ही पानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, आणि सर्व्हरकडून आलेल्या तयार एचटीएमएलला तिने ब्राउझरमध्ये जिवंत करणं म्हणजे हायड्रेशन. रिॲक्टवर उभं असलेलं नेक्स्ट जेएस वापरणाऱ्यांना हा इशारा पाठ झालेला असतो: सर्व्हरने पाठवलेलं एचटीएमएल आणि ब्राउझरमधलं एचटीएमएल जुळत नाही. लोक लगेच तारखेचं फॉरमॅटिंग आणि रँडम आकडे शोधू लागतात. ते बघायला हवंच, पण त्याआधी इशाऱ्यात न जुळलेलं ॲट्रिब्यूट कोणतं आहे ते वाचा. बॉडीवर 'सीझेड शॉर्टकट लिसन' असं काही असेल तर ते कलरझिलाचं. 'डेटा जीआर' ने सुरू होणारं असेल तर इंग्रजी लिखाण तपासणाऱ्या ग्रामरलीचं. एचटीएमएल टॅगवर 'डेटा डार्करीडर' दिसलं तर नावातच उत्तर आहे: पानं गडद करणारं डार्क रीडर. रिॲक्ट जागं होण्याआधी ही मंडळी पानाला हात लावून मोकळी झालेली असतात.

रिॲक्ट १९ मध्ये हेड आणि बॉडीत बाहेरून आलेले अनोळखी टॅग सोडून द्यायची सोय झाली आणि इशाऱ्याच्या मजकुरातच एक्स्टेंशनची शक्यता सांगितलेली असते. तरी ॲट्रिब्यूटची तक्रार डेव्हलपमेंटमध्ये दिसतेच. बॉडीवर 'सप्रेस हायड्रेशन वॉर्निंग' लावणं हा प्रचलित उतारा. तो एकाच पातळीपुरता काम करतो, आतल्या कंपोनंटमधल्या खऱ्या चुका झाकत नाही, म्हणून बॉडीपुरता लावायला हरकत नाही. मात्र हा प्रॉप दिसेल त्या डिव्हवर चिकटवत सुटलेला कोड मी पाहिलाय. तिथे पुढे एखादी खरी चूक शिरली तर ती कुणाला कळायची नाही.

याच कुळातला एक प्रकार मराठी साइटवाल्यांना हमखास भेटतो. तो एक्स्टेंशनमुळे होत नाही, पण लक्षणं तीच. वाचकाने क्रोमच्या भाषांतराला होकार दिला की ते मजकुराला फॉन्ट टॅगमध्ये गुंडाळतं. रिॲक्ट नंतर आपला जुना मजकूर काढायला जातं, तो जागेवर नसतो, आणि 'रिमूव्ह चाइल्ड' जमलं नाही म्हणत पान कोसळतं. एचटीएमएल टॅगवर भाषा 'एमआर' लिहा. बऱ्याच टेम्प्लेटमध्ये ती 'ईएन' च राहिलेली असते आणि ब्राउझर गोंधळतो. किंमत, मोजणी असा सतत बदलणारा मजकूर स्वतःच्या स्पॅनमध्ये ठेवा आणि जिथे भाषांतर नकोच तिथे 'ट्रान्सलेट नो' लावा.

चालू ठेवून विसरलेली

कॉर्सची अट (सर्व्हरच्या परवानगीशिवाय दुसऱ्या डोमेनची माहिती पानाला वाचू न देणारी) उठवणारं एक्स्टेंशन हा या यादीतला खलनायक. एपीआयवरून माहिती येत नव्हती, कुणीतरी सांगितलं म्हणून टाकलं, काम झालं. पुढे ते चालूच. लोकलवर सगळं सुरळीत, आणि लाइव्ह केल्यावर साऱ्या जगाकडे कॉर्सचा एरर, फक्त डेव्हलपर सोडून. त्याचं काम प्रतिसादातले हेडर तुमच्या ब्राउझरपुरते बदलणं एवढंच. सर्व्हरने परवानगी दिलेली नाही ती नाहीच. इलाज सर्व्हरवर करा किंवा डेव्ह सर्व्हरची प्रॉक्सी वापरा. हे एक्स्टेंशन मी ठेवतच नाही, आणि कुणी ठेवू नये असं माझं मत आहे.

विनंतीचे हेडर बदलणाऱ्या मॉडहेडरचंही तसंच. जुन्या चाचणीचा ऑथरायझेशन हेडर राहून गेला की दुसऱ्याच प्रोजेक्टच्या एपीआयवर ४०१, म्हणजे 'ओळख पटली नाही' असा नकार, येत राहतो. यूझर एजंट (ब्राउझर साइटला सांगतो ती स्वतःची ओळख) बदलणारं एक्स्टेंशन चालू राहिलं तर डेस्कटॉपवर मोबाइलचं पान. ही कामं डेव्हटूल्समध्येच होतात: नेटवर्क कंडिशन्समध्ये यूझर एजंट बदलता येतो आणि डेव्हटूल्स बंद केली की बदल आपोआप जातो.

फॉन्ट एक्स्टेंशनच्या सांगण्यावर जाऊ नका

फॉन्ट ओळखणारं एक्स्टेंशन मराठी मथळ्यावर नेलं आणि त्याने 'इंटर' सांगितलं तर विश्वास ठेवू नका. इंटरमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, रोबोटोमध्येही नाहीत. एक्स्टेंशन बहुधा सीएसएसमधल्या यादीवरून नाव सांगतं; प्रत्यक्षात मथळा विंडोजवर निर्मला यूआयमध्ये, मॅकवर कोहिनूर देवनागरीत आणि अँड्रॉइडवर नोटोमध्ये उमटलेला असतो. म्हणून तर एकीकडे वेलांटीचा माथा कापला जातो आणि दुसरीकडे नाही.

खरं उत्तर डेव्हटूल्स देतात. एलिमेंट्समध्ये मथळा निवडा, कम्प्युटेड टॅबच्या अगदी तळाशी जा. तिथे 'रेंडर्ड फॉन्ट्स' खाली प्रत्यक्ष वापरलेला फॉन्ट आणि त्यातली किती अक्षरचिन्हं वापरली तो आकडा असतो. एकाच ओळीत दोन फॉन्ट दिसले तर देवनागरी एका फॉन्टात आणि इंग्रजी आकडे दुसऱ्यात, असा प्रकार चाललाय. 'मुक्त' किंवा 'पॉपिन्स'सारखा देवनागरी असलेला फॉन्ट लावूनही असं होत असेल, तर फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर उतरवताना फक्त लॅटिनची फाइल उचलली गेली असण्याची शक्यता दाट. गूगल फॉन्ट्स लिपीनुसार वेगवेगळ्या फाइल देतं, देवनागरीची वेगळी असते.

लाइटहाउसचा आकडा रोज वेगळा

लाइटहाउस हे क्रोममधलं पानाची गती मोजणारं हत्यार. त्याच्या अहवालाच्या वरच इशारा असतो की एक्स्टेंशनांमुळे गतीच्या मोजमापावर परिणाम झाला आहे. तो न वाचता लोक चित्रं आणखी दाबत बसतात. गेस्ट विंडोत मोजा, नाहीतर पेजस्पीड इनसाइट्सवर; ते गूगलच्या मशिनवर चालतं, तुमच्या एक्स्टेंशनांचा प्रश्नच येत नाही.

आणि एक्स्टेंशनच चालत नसेल तर

बहुतेक वेळा कारण साधं असतं. नवीन टाकल्यावर आधीपासून उघडा असलेला टॅब लोड करावा लागतो. रिॲक्टच्या एक्स्टेंशनचा टॅब दिसत नसेल तर डेव्हटूल्स बंद करून पुन्हा उघडा. डिस्कवरची फाइल थेट उघडली असेल तर एक्स्टेंशनच्या तपशिलात फाइल पत्त्यांची परवानगी वेगळी द्यावी लागते. क्रोमची स्वतःची पानं आणि वेब स्टोअर यांवर कोणतंच एक्स्टेंशन चालत नाही.

जुनं, आवडतं एक्स्टेंशन एका दिवशी राखाडी होऊन 'आता चालणार नाही' म्हणत असेल, तर कारण मॅनिफेस्टची (एक्स्टेंशनची माहिती आणि परवानग्या सांगणाऱ्या फाइलची) आवृत्ती. तिसरी आवृत्ती जानेवारी २०२१ मध्ये क्रोम ८८ सोबत आली. दुसऱ्या आवृत्तीवरची एक्स्टेंशनं क्रोमने २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद केली आणि २०२५ मध्ये तो दरवाजा लावून घेतला. यूब्लॉक ओरिजिन हे ॲडब्लॉकर त्यातच गेलं, त्याची लाइट आवृत्ती उरली. फायरफॉक्समध्ये मूळ यूब्लॉक अजून चालतं. चाचणीसाठी दोन्ही ब्राउझर ठेवावेत, कारण वाचकांकडे दोन्ही असणार.

कायमची व्यवस्था

दोन प्रोफाइल बनवा, त्यांना वेगळ्या रंगांची थीम द्या. एकात हवी तेवढी हत्यारं, दुसरं कोरं. डिझाइन मंजुरीला पाठवायचा स्क्रीनशॉट, गतीचं मोजमाप, 'बग सुटला' हे म्हणणं, सगळं कोऱ्यामधून. त्याला जोडून तिसरं एक ठेवता आलं तर उत्तम, ज्यात मुद्दाम ॲडब्लॉकर, डार्क रीडर, एखादा पासवर्ड मॅनेजर आणि ग्रामरली भरलेलं असेल. सामान्य माणसाचा ब्राउझर असाच असतो. साइट आधीच गडद असेल आणि डार्क रीडर तिचे रंग बिघडवत असेल, तर हेडमध्ये 'डार्करीडर लॉक' नावाचा मेटा टॅग घाला, ते हात आवरतं. पासवर्ड मॅनेजरची चिन्हं ओटीपीच्या चौकटीत येऊन बसत असतील तर त्यांनाही दूर ठेवणारी ॲट्रिब्यूट आहेत, लास्टपासचं वेगळं, वनपासवर्डचं वेगळं.

हत्यारांच्या प्रोफाइलमध्येही प्रत्येकाला सगळ्या साइटची परवानगी देऊ नका. तपशिलात 'क्लिक केल्यावरच' असा पर्याय असतो. कलरझिला किंवा व्हॉटफॉन्टला तो पुरतो, आणि वर सांगितलेल्या निम्म्या तक्रारी तिथेच गळतात.

परवानगीचा प्रश्न नुसता नीटनेटकेपणाचा नाही. क्रिस पेडरिक यांचं वेब डेव्हलपर हे आपल्या धंद्यातलं जुनं, भरवशाचं एक्स्टेंशन. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांच्या खात्याचा पासवर्ड फसव्या ईमेलमधून पळवला गेला आणि दहा लाखांहून जास्त लोकांच्या ब्राउझरमध्ये जाहिराती घुसवणारी आवृत्ती आपोआप अपडेट म्हणून पोचली. त्यांनी लगेच दुरुस्त आवृत्ती काढली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. न वापरलेले टॅब झोपवणाऱ्या द ग्रेट सस्पेंडरची गोष्ट वेगळी: २०२० मध्ये मालक बदलला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून काढून टाकलं. म्हणून होस्टिंगचं पॅनल, डोमेनचं खातं आणि क्लायंटच्या वर्डप्रेसचं ॲडमिन हत्यारांच्या प्रोफाइलमध्ये उघडू नका. ती कोऱ्या प्रोफाइलमध्येच उघडा.